डॉल्बीवरनं अल्बमकडं: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मागच्या गणपतीनंतर डीजेच्या सुपाऱ्या कमी केल्या आणि स्वतःचा पहिला ट्रान्सचा अल्बम काढला, तेव्हापासनं बेळगावात शहापूरच्या कट्ट्यावर बसलो तरी आणि निपाणीला लग्नात वाजवायला गेलो तरी भेटेल तो तेच विचारतोय. एकेकाला सांगून घसा बसला, म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय. कुणी विचारलं की हेच पाठवणार, राग मानू नका. आणि मधेमधे बेळगावी मराठी येईल, आमच्यात "मी गाणं केलो" असंच म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी दुरुस्त करत बसू नये.

आण्णा, ट्रान्स म्हणजे नक्की काय? लेझर लावून वाजवतात ते काय?

नाही रे बाबा. आपल्याकडं लेझर आणि धूर सोडला की काहीही ट्रान्स होतं, हलगी मिक्ससुद्धा. खरा ट्रान्स म्हणजे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, साधारण 132 ते 140 बीपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे ठोके, खाली सरळ चालणारी किक, म्हणजे ड्रमचं धप धप, आणि वर एक चाल जी हळूहळू उघडत जाते, मग मधे किक काढून घेतात, चाल एकटी राहते, तो ब्रेकडाउन, आणि मग सगळं एकदम परत, तो ड्रॉप. भजनात कसं टाळ मंद होतात, बुवा एकच ओळ घोळवत बसतात आणि मग मृदंग तुटून पडतो, तसंच काहीसं. हा प्रकार 90च्या दशकात जर्मनी आणि नेदरलँडमध्ये वाढला आणि त्याचा गोवा ट्रान्स नावाचा भाऊ चोर्ला घाट उतरला की पलीकडं, हणजुण्याच्या किनाऱ्यावर. आमच्या गल्लीतल्या किती जणांना हे माहीत नाही की एवढी जगभर गाजलेली गोष्ट आपल्या घरापासनं तीन तासांवर वाढली.

डीजे म्हणजे दुसऱ्याची गाणी लावणारा. मग अल्बम म्हणजे तेच मिक्स करून सीडी काढलास काय?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि खरं सांगायचं तर चूक तुमची नाही, ट्रान्सवाल्यांनीच हा घोळ घातलाय. त्यांच्यात दोन प्रकारच्या सीड्या निघायच्या. एक म्हणजे मिक्स कंपायलेशन, त्यात गाणी दुसऱ्यांची, रीतसर परवानगी घेतलेली, आणि डीजेनं ती एकाला एक जोडलेली. दुसरा म्हणजे स्टुडिओ अल्बम, त्यात चाल, आवाज, मांडणी सगळं स्वतःचं.

टिएस्टोचंच बघा. हा नेदरलँडच्या ब्रेडा गावचा डीजे. आधी 'मॅजिक' आणि 'इन सर्च ऑफ सनराइज' या मिक्सच्या मालिकांवर त्याचं नाव झालं, 2000 साली डेलेरियम या ग्रुपच्या 'सायलेन्स'चा रिमिक्स केला तो तर जगभर वाजला, पण तोही रिमिक्स, म्हणजे मूळ गाणं दुसऱ्याचंच. स्वतःचा पहिला स्टुडिओ अल्बम 'इन माय मेमरी' आला 2001 साली. तोपर्यंत हा माणूस तिशी ओलांडून गेलेला. त्यामुळं मी उशीर केला असं म्हणणाऱ्या मामांना माझं एवढंच उत्तर आहे.

त्या मोठ्या डीजेंचं चांगलं चाललेलं, मग ते या भानगडीत का पडले?

मला कळलेलं एक कारण असं की डीजेची रात्र सकाळी संपते. तू चार हजार माणसं नाचवलीस, पण दुसऱ्या दिवशी लोकांच्या तोंडात जी चाल राहते ती तुझी नसते. ज्यानं ती केली त्याची असते. हे एकदा डोक्यात गेलं ना, की मग झोप लागत नाही. दुसरं कारण सरळ पैशाचं, गाण्याचे हक्क ज्याचे त्याच्याकडं रॉयल्टी.

पण सगळे एकाच वाटेनं गेले नाहीत. पॉल व्हॅन डाइक पूर्व बर्लिनमध्ये वाढला, भिंतीपलीकडच्या रेडिओवर गाणी ऐकून, आणि त्यानं पहिला अल्बम '45 आरपीएम' 1994 लाच काढला, त्यातच 'फॉर अॅन एंजल' आहे, ज्याच्या जिवावर पुढं कितीतरी वर्षं लोक नाचले. पुढं 2005 च्या ग्रॅमीत इलेक्ट्रॉनिक अल्बमसाठी पहिल्यांदाच वेगळा विभाग निघाला तेव्हा त्याच्या 'रिफ्लेक्शन्स'ला नामांकन होतं. आर्मिन व्हॅन ब्यूरेन 1976 चा, म्हणून पहिल्या अल्बमचं नाव '76', तो आला 2003 ला, आणि त्याच वर्षी पठ्ठ्यानं लायडनमधनं वकिलीची डिग्री पण पूर्ण केली. हे मी घरात मुद्दाम सांगत नाही, नाहीतर आई म्हणेल बघ तो पण शिकला.

पॉल ओकनफोल्ड या इंग्लंडच्या डीजेची गोष्ट आपल्याला सगळ्यात जवळची. 1994 साली बीबीसी रेडिओवर त्यानं 'गोवा मिक्स' वाजवला, म्हणजे आपल्या शेजारचं वारं लंडनला नेलं, आणि स्वतःच्या नावाचा पहिला स्टुडिओ अल्बम 'बंका' काढला 2002 ला, त्यात रॅपर आइस क्यूब पण आहे आणि नेली फुर्टाडो पण. ट्रान्सच्या लोकांनी तेव्हा नाकं मुरडली. मला स्वतःला तो अल्बम अर्धाच आवडतो, पण धाडस मानलं पाहिजे.

डीजेला तर सगळं येत असणार, मग तुला तीन वर्षं कशाला लागली?

कारण डीजेला लोक दिसतात आणि स्टुडिओत समोर भिंत असते.

अकरा वर्षं मी एकच काम शिकलो, समोर बघायचं. कपिलेश्वर तलावाकडं मिरवणूक सरकत असताना पोरं दमली की हळू करायचं, बायका पुढं आल्या की गाणं बदलायचं, पोलिस दिसला की मास्टर, म्हणजे सगळा आवाज, खाली. माझा निम्मा मेंदू माझ्या डोक्यात नव्हताच, तो समोरच्या गर्दीत होता. खोलीत बसलो तेव्हा कळलं की गर्दी काढून घेतली तर मला काही ठरवताच येत नाही. ब्रेकडाउन आठ बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) ठेवू की बत्तीसचा? कुणाला विचारू? पंख्याला?

पहिल्या वर्षात मी 41 प्रोजेक्ट सुरू केले आणि एकही संपवला नाही. सगळे दीड मिनिटाचे. कारण दीड मिनिट झालं की मला दुसरं गाणं लावायची खाज सुटायची, सवयच ती. आणि बहुतेकांत चाल नव्हतीच, नुसता ड्रॉप होता. दुसऱ्याच्या गाण्याच्या टोकावर उभा राहून हात वर करायची सवय लागलेला माणूस, त्याला ते टोक गाठायला खालनं पायऱ्या बांधाव्या लागतात हे माहीतच नसतं. शेवटी सगळे प्लगिन, म्हणजे कॉम्प्युटरमधली वाद्यं, बंद केले, आत्याच्या घरनं जुनी पेटी आणली आणि ठरवलं, पेटीवर एका बोटानं वाजवून चांगली वाटली तरच कॉम्प्युटर लावायचा. 41 मधनं चार चाली उरल्या. त्या चार आज अल्बममध्ये आहेत.

मग डीजेपणाचा काहीच उपयोग झाला नाही म्हण.

झाला की. क्रम लावायला. सात ट्रॅक कुठल्या क्रमानं ठेवायचे, कुठल्या सुरातनं कुठल्या सुरात जायचं, कुठं ऐकणाऱ्याला श्वास घेऊ द्यायचा, हे मला एका संध्याकाळीत जमलं, जे माझ्या एका संगीत शिकलेल्या मित्राला महिनाभर जमलं नव्हतं. आणि धीर. ट्रान्सचा डीजे थांबू शकतो, बाकीचे लगेच ड्रॉप देतात.

तुझी गाणी सहा-सात मिनिटांची का? एवढं कोण ऐकणार?

ट्रान्सची डीजेसाठीची प्रत, एक्स्टेंडेड मिक्स, आठ मिनिटांचीही असते, कारण सुरवातीला नुसता ठेका असतो म्हणजे दुसऱ्या डीजेला आपलं गाणं त्यात जोडता यावं. 138 च्या स्पीडला 32 बार म्हणजे जवळपास 56 सेकंद नुसतं धप धप. हे मिरवणुकीत लागतं पण घरात चहा घेत ऐकणाऱ्याला त्याचं काय? म्हणून मी अल्बमला ती शेपूट-डोकी कापली, तरी एकूण 51 मिनिटं झाली. डीजे मित्रांना वेगळ्या लांब प्रती देतो, मागा.

त्या तिसऱ्या ट्रॅकमध्ये तो टॉंव टॉंव आवाज कशाचा? कुठला सिंथ?

सिंथ, म्हणजे विजेवर आवाज बनवणारं यंत्र, नाही, चौंडकं आहे!

हे सांगायला मला फार आवडतं. जुन्या ट्रान्समध्ये एक चिवट, घसरत जाणारा बास ऐकू येतो, तो रोलँडच्या टीबी-303 नावाच्या छोट्या यंत्राचा. 80च्या दशकात बास गिटारवाल्याच्या जागी वापरायला म्हणून काढलेलं, त्या कामात पडलं, आणि मग शिकागोच्या पोरांनी स्वस्तात घेऊन त्याची बटणं उलटीसुलटी फिरवली तेव्हा त्यातनं तो आवाज निघाला. गोवा ट्रान्स तर त्याच्यावरच उभा आहे. मी तो आवाज वर्षभर कॉम्प्युटरवर शोधत होतो आणि पौर्णिमेला आईला घेऊन सौंदत्तीला यल्लम्माला गेलो, तिथं एक जोगतीण चौंडकं वाजवत होती, काखेत धरलेलं, एका हातानं तार छेडायची आणि दुसऱ्या हातानं ताण कमीजास्त करायचा, सूर वर चढतो, घसरतो, परत चढतो. मी आईला म्हटलो, आई हे 303 आहे. आई म्हणाली, हात जोड आधी.

नंतर रीतसर विचारून, त्यांना मानधन देऊन अर्धा तास रेकॉर्ड केलं. नाव क्रेडिटमध्ये आहे, ते त्यांना विचारूनच घातलं. आणि हो, स्पीडला बसवायला मी त्यांचा ठेका कापला नाही, माझा ठेका त्यांच्याप्रमाणं सरकवला. ऐकताना किक जरा लंगडते ती म्हणून, चूक नाही ती.

सॉफ्टवेअर कुठलं? किती खर्च आला?

एफएल स्टुडिओ. एबलटन, क्युबेस, लॉजिक काहीही चालतं, त्यावरनं भांडू नका. हेडफोन 9 हजार, स्पीकरची जोडी 22, ऑडिओ इंटरफेस 10, आणि यूपीएस, जो आधी घेतला असता तर बरं झालं असतं. पावसात लाईट गेली आणि हार्ड डिस्क बसली, दोन ट्रॅक कायमचे गेले. दुरुस्तीवाल्यानं चार दिवस ठेवून घेऊन हात वर केले. आता सगळ्याच्या तीन प्रती, एक पेन ड्राइव्ह तर बहिणीकडं खानापूरला, तांदळाच्या डब्याशेजारी.

ते ट्रान्सचं मोठ्ठं, भरून आल्यासारखं वाजणारं पॅड कसं करतात?

त्याला सुपरसॉ म्हणतात. करवतीच्या दातांसारखी एक लाट घ्यायची, तशा सात एकावर एक, प्रत्येक सुरात अगदी किंचित इकडंतिकडं. सात जणांनी एकच ओळ म्हटल्यासारखं होतं, कुणी जरा वर कुणी जरा खाली, म्हणून भरतं. रोलँडच्याच जेपी-8000 नं 90च्या दशकाच्या शेवटाकडं हा प्रकार घरोघरी पोचवला. मग साइडचेन लावायचा, म्हणजे किक आली की पॅड आपोआप मान खाली घालतो आणि किक गेली की वर येतो. एवढंच, बाकी यूट्यूबवर बघा.

खोलीत साऊंडप्रूफ केलंस काय?

आईच्या वाकळा टांगल्यात. हसू नका, टाळी वाजवली की घुमणारा वरचा आवाज वाकळांनी मस्त मरतो. पण बास मरत नाही. 50 हर्ट्झची लाट हवेत जवळपास 7 मीटर लांब आणि माझी खोली 10 बाय 12 फूट, मग कोपऱ्यात बास ढीगभर साठतो आणि मधे बसलं की गायब. मी सहा महिने गायब बास बघून बास वाढवत गेलो आणि तो मिक्स दोस्ताच्या गाडीत लावला तर काचा हलायला लागल्या. आता बासचं सगळं हेडफोनवर ठरवतो, मग गाडीत, मग मोबाइलवर, आणि शेवटी मोनो करून, कारण आपल्या डॉल्बीवर डावं-उजवं असं काही नसतंच, अर्धे लोक एका बाजूलाच उभे असतात.

आणि बाहेरचा आवाज? जून ते सप्टेंबर बेळगावचा पाऊस कौलांवर. तो थांबवता येत नाही म्हणून शेवटच्या ट्रॅकमध्ये तोच ठेवला.

लोक म्हणतात मोठे डीजे स्वतः काही करत नाहीत, दुसऱ्याकडनं करून घेतात. खरं काय?

काही जण घेतात, नाव न देता, ते मला पटत नाही. पण मदत घेणं आणि नाव लपवणं यात फरक आहे. टिएस्टोबरोबर डेनिस वाकोप रायर्सनं आणि आर्मिनबरोबर बेनो दे खुई यानं वर्षानुवर्षं काम केलं आणि त्यांची नावं क्रेडिटमध्ये छापलेली असतात. आपल्याकडं कीर्तनकाराला मृदंगवाला लागतोच की, तो काय लपवतात काय? माझ्या अल्बमचं मास्टरिंग, म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात, कोल्हापूरच्या एका मित्रानं केलंय, मला ते जमत नाही.

जुन्या मराठी गाण्याचा तुकडा घातला तर चालतंय काय? चार सेकंदच.

नाही. चार सेकंदाला सूट आहे ही गोष्ट कुणी पसरवली माहीत नाही, तसा कुठलाही नियम नाही. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा आणि गाण्याचा, म्हणजे शब्द आणि चालीचा हक्क वेगळा, दोन्ही ठिकाणची परवानगी लागते. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, रेकॉर्डिंगचा प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण अमक्या बुवांनी लावलेली चाल आणि तमक्या कंपनीचं रेकॉर्डिंग सगळ्यांचं नाही, इथं आपली पोरं हमखास फसतात.

उलट बाजूनं, तुमचं गाणं तुम्ही केलंत त्या क्षणापासनं हक्क तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. पण पुरावा ठेवा, प्रोजेक्ट फाइल, तारखा. आयपीआरएस म्हणून 1969 पासनं गीतकार-संगीतकारांची संस्था आहे, तिचं सभासद व्हा. टिएस्टोनं 'अॅडाजिओ फॉर स्ट्रिंग्ज' केलं त्याची चाल अमेरिकन संगीतकार सॅम्युएल बार्बरची, 1938 ला त्या नावानं पहिल्यांदा वाजलेली, आणि नाव बार्बरचं घेतलंच जातं. मोठा झाला म्हणून चाल आपली होत नाही.

अल्बम मराठी की कन्नड?

सात ट्रॅकमध्ये पाचांना शब्दच नाहीत. एकात आत्याची जात्यावरची ओवी, मराठी. एकात शेजारच्या अक्कांनी मुलाला झोपवताना म्हणायचं कन्नड गाणं गुणगुणलंय. दोघी एकाच दिवशी रेकॉर्ड झाल्या आणि एकमेकींना तू आधी, तू आधी करत तासभर घालवला. यावरनं कुणाला भांडायचं असेल तर बोगारवेसला भेटा, चहा मी देतो.

बाकीच्या गाण्यांपेक्षा तुझं गाणं हळू वाजतं असं वाटतं. आवाज कमी ठेवलास काय?

मुद्दाम. स्पॉटिफाय सगळ्यांचा आवाज साधारण उणे 14 एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) आसपास आणून ठेवतं, म्हणजे तुम्ही गाणं कितीही दाबून मोठं केलंत तरी ते खालीच ओढणार, आणि दाबताना किकचा ठोसा गेला तो गेलाच. ट्रान्समध्ये ब्रेकडाउन हळू असेल तरच पुढचं मोठं वाटतं. व्हॉल्यूमचं बटण तुमच्या फोनला आहे, वापरा.

पैसे मिळाले काय?

एका लग्नाच्या सुपारीएवढे पण नाही, अजून तरी. एका कंपनीनं फोन करून आम्हीच तुमचं गाणं हिट करतो, पंधरा हजार भरा म्हटलं, मी म्हटलो गाणं माझं, पैसे पण माझेच? ठेवला फोन. पोरांनो, रिलीज करायला पैसे मागणारा लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, नसतो.

पुढं ट्रान्स सोडून दुसरं काही करणार काय? सगळे सोडतातच.

टिएस्टोनं सोडलं. 2004 ला अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनात खेळाडूंच्या संचलनाला वाजवणारा माणूस, आणि 2009 च्या 'कॅलिडोस्कोप'मध्ये ट्रान्स जवळजवळ गायब. तेव्हा मी कॉलेजला होतो आणि अक्षरशः चिडलो होतो, आपल्याला कुणीतरी न सांगता गाव सोडून गेल्यासारखं वाटलं. आता स्वतः केल्यावर जरा कळतं, त्याच सात लाटा आणि तोच ब्रेकडाउन रोज करायचा कंटाळा येत असणार. मला अजून आला नाही, एकच तर अल्बम झालाय.

ऐकायला कुठनं सुरवात करू?

पॉल व्हॅन डाइकचा 'आउट देअर अँड बॅक', 2000 चा. मग टिएस्टोचा 'जस्ट बी', 2004. मग 'अबव्ह अँड बियाँड' या तिघांचा 'ट्राय-स्टेट', 2006. शफल बंद करून, पहिल्यापासनं शेवटपर्यंत, रात्री. चोर्ला घाटातनं जाताना ऐकायचं असेल तर गाडी दुसऱ्याला चालवू दे.

यंदा गणपतीत तुझं स्वतःचं गाणं वाजवणार काय?

मागच्या वर्षी वाजवलं होतं, कुणाला सांगितलं नाही एवढंच. अल्बमच्या पहिल्या ट्रॅकला 48 बारचा ब्रेकडाउन आहे, म्हणजे 83 सेकंद किक नाही. वीस सेकंद झाले, पोरं थांबली, एकमेकांकडं बघायला लागली आणि मागनं कुणीतरी ओरडलं, "लाईट गेली काय रे?" मी घाबरून लगेच दुसरं लावलं.

यंदा वेगळी प्रत केलीय, ब्रेकडाउन 16 बारचा, 28 सेकंदाच्या आत किक परत, आणि बरोबर हलगीवाले मामा. रात्री दहानंतर स्पीकरचं परवानगीवर, तेव्हा ते आधीच वाजवून घेणार. मामांना परवा गाणं ऐकवलं, त्यांना आवडलं, फक्त एक अट घातलीय, तुझं ते थांबायचं आलं की तू थांब, मी थांबणार नाही.